डाग न काढण्याचे दिवस

गल्लीच्या तोंडाशी लाँड्री चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे डागवालेच म्हणत. शाई, गंज, वंगण, काही त्यांच्या हातून सुटत नसे. गुण मोठाच, पण दुकानाचं शटर खाली आलं तरी तो बंद होत नसे, ही खरी रड होती. कुणाकडे चहाला गेले तरी यांची नजर यजमानाच्या कॉलरवर, आणि यजमानाला ते कळायचंही.

त्यांच्या बायकोला मात्र वेगळीच हौस. समुद्रातले मासे पाळायचे. ते केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. तिने शेवटी हट्टाने काचेची टाकी आणली, दगड रचले, मीठ मोजून खारं पाणी भरलं. डागवाल्यांना वाटलं, चला, संध्याकाळी मासे. तिथे शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याने त्यांना अडवलं.

"आधी टाकी तयार होऊ द्या. कोळंबीचा तुकडा टाका आणि कुजू द्या."

"कुजू द्या?" डागवाल्यांना हा शब्द जन्मात कुणी सल्ला म्हणून सांगितला नव्हता.

"त्या घाणीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू पोसतात. ते दगडांवर वस्तीला आले, की पुढे माशांची घाण तेच निस्तरतात. त्याआधी मासा सोडलात तर तो स्वतःच्याच घाणीच्या विषाने मरेल."

बायकोने मान डोलावली आणि वाट पाहू लागली. पाणी आधी गढुळलं, मग निवळलं, आणि दगडांवर तपकिरी थर धरला. एका दुपारी ती बाजारात गेलेली पाहून डागवाल्यांनी दगड बाहेर काढले, ब्लीचमध्ये बुडवले, ब्रशने घासले. दगड नव्या शर्टासारखे पांढरेशुभ्र झाले, आणि हे शाबासकीची वाट बघत दारात उभे राहिले.

ती आली. वासानेच तिला सगळं कळलं. मासेवाल्याने फोनवर सांगितलं, जंतू मेले, आता पहिल्यापासून. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माझ्या आईची शाल तुम्ही धुतलीत, तेव्हाही मी काही बोलले नाही. तिला आईचा वास होता."

इतकी वर्षं डागवाल्यांना वाटत होतं, ती शाल धुऊन आपण तिच्यावर उपकारच केले.

नवं पाणी भरलं, नवी कोळंबी टाकली, आणि नेमकं तेव्हाच तिच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. बॅग उचलताना ती म्हणाली, "दगडांना हात लागला तर टाकी देऊन टाकीन. रागाने नाही सांगत. पण मग या घरात स्वतःसाठी मी पुन्हा काही मागायची नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे बोलली, म्हणून यांना ते जास्त लागलं.

कोळंबी कुजली. थर परत आला, आणि या वेळी तर चहा सांडावा तसा सगळीकडे. डागवाल्यांचे हात शिवशिवू लागले. टाकीवर चादर टाकून पाहिली, तर चादरीखाली काय चाललंय या विचाराने जेवण जाईना. रोज मासेवाल्याला फोन: "काच तरी पुसू?" रोज उत्तर: "नको." मग त्यांनी सगळा राग घरावर काढला. पंखे घासले, खिडक्यांचे गज घासले, जिना वरपासून खालपर्यंत धुतला. शेजारीण तिचं पायपुसणं शोधत आली, तर ते इस्त्री होऊन घडी घालून तयार होतं. तिला हसावं की रागवावं ते कळेना.

संध्याकाळी मात्र ते नेमाने छोट्या नळीत टाकीचं पाणी घेत, मासेवाल्याने दिलेल्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकत आणि रंग बघत. विष असेल तर हिरवा, नसेल तर पिवळा. गडद हिरवा दिवसागणिक फिकट होत गेला. डाग आपल्या हातांशिवाय जाताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडा अपमानही वाटला.

ती परतली ती चपलांसकट थेट टाकीपाशी. दगड तपकिरीच होते. शेजारी डागवाले, हातात पिवळ्या पाण्याची नळी.

"हात नाही लावलात?"

"नाही."

"बघवलं कसं तुम्हाला?"

"नाही बघवलं. म्हणून तर जिना धुतला."

ती हसली, खूप दिवसांनी मनापासून. दुसऱ्या दिवशी टाकीतलं थोडं पाणी बदललं आणि दोन मासे आणून सोडले. मासे जरा बावरले, मग तपकिरी दगडांमध्ये निवांत फिरू लागले. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "मला ना, एक कुत्रा हवाय. लांब केसांचा. पांढरा."

डागवाल्यांच्या डोळ्यांसमोर घरातल्या उशा, चादरी, सोफा, सगळं एकदम उभं राहिलं. पण तिने पुन्हा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं.

"कधी आणायचा?" त्यांनी विचारलं.