गाइक सिमच्या शेअरांची किंमत

तैपिंगच्या बाजारामागचा ओंग कुटुंबाचा कॉफी भाजण्याचा कारखाना कागदोपत्री खासगी कंपनी होता. साठ टक्के शेअर तेक होंगचे, तीस त्याची बायको गाइक सिम हिचे आणि दहा धाकटा दीर सून ली याचे. भाजणीच्या पिंपापाशी मात्र बावीस वर्षे एकटी गाइक सिमच उभी होती. भाजताना बियांवर चढवलेला साखरेचा पाक करपण्याआधीचा क्षण तिला वासावरून कळे.

घटस्फोट ठरला. या शेअरांना बाजारात भाव नाही, म्हणून किंमत ठरवायला हिशेबनीस सेल्वराजन नेमले गेले. गाइक सिमला आपला हिस्सा तेक होंगला विकून माहेरच्या गल्लीतले साडेतीन लाख रिंगिटचे दुकान घ्यायचे होते.

वकिलाच्या कचेरीत सेल्वराजननी तिघा भागधारकांसमोर अहवाल वाचला. "कंपनी बारा लाखांची. पण भाजणी एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे. ती गेली की धंदा बसेल, म्हणून चाळीस टक्के वजा."

"ती कोण?"

"तुम्हीच, बाई."

गाइक सिमने आपल्या तीस टक्क्यांचा हिशेब केला. तीन लाख साठ हजारांचे दोन लाख सोळा हजार झाले होते.

"म्हणजे मी चांगलं भाजते, म्हणून मला कमी?"

"वहिनी, जरा करपवायचं होतंस की! आज श्रीमंत असतीस," सून ली हसला.

तेवढ्यात तेक होंगच्या वकिलाने करारनामा पुढे सरकवला. पाच वर्षे तिने इतरत्र कॉफी भाजायची नाही, असे त्यात कलम होते.

"मी जाणार म्हणून पैसे कापलेत. आता दुसरीकडे भाजायचंही नाही?" तिने सेल्वराजनकडे पाहिले. "सांगा ना!"

"बंदी असेल, तर गिऱ्हाइकं तुमच्यामागे जाणार नाहीत; मग एवढी घट धरता येणार नाही," ते अवघडून म्हणाले.

"ऐकलंस, तेक होंग? कापलेले पैसे दे, नाहीतर कलम काढ."

तो पैसे देईल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्याने पेन उचलले आणि कलमावर आडवी रेघ मारली.

"भाज कुठं भाजायचं तिथं. पिंप काय, कुणीही फिरवील."

बावीस वर्षे हा माणूस तिने भाजलेलीच कॉफी पीत आला होता. गाइक सिमने त्याच्या हातातून पेन घेतले. मग तिने सही केली. माहेरच्या गल्लीतले दुकान तिने विकत नव्हे, भाड्याने घेतले.