हेमलाचा वेगळा कप

मंगरूळपीरला आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मूठभर घरं. दर्ग्याच्या उरुसाला गावात पाय ठेवायला जागा नसायची आणि आमच्या नाताळाला देवळातले मागचे बाक रिकामे. पण ऐट अशी, की स्वर्गाच्या दाराची किल्ली आमच्याच कमरेला. या मूठभर लोकांनी हेमलाचं काय केलं ते सांगते. गोड करून सांगणं मला जमत नाही. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जमतं, म्हणून ते मंडळीचे पंच झाले आणि मी लेकरांना रविवारी गाणी शिकवत राहिले.

हेमला मूळचा तांड्यावरचा. त्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करता करता ख्रिस्ती झाला. हेमला मिशनची जीप चालवायचा. पुढे गोरे साहेब आपल्या देशी गेले आणि जाताना ती खिळखिळी जीप त्याच्या गळ्यात बांधून गेले. मग तो मंगरूळपीर ते कामरगाव सवारी भरू लागला. उंच, हडकुळा, बोलायला कंजूष. जीपचा हॉर्न वाजत नसे, म्हणून तो खिडकीतून हात बाहेर काढून दाराचा पत्रा बडवायचा. म्हशीसुद्धा त्या आवाजाला बाजूला व्हायच्या. बाळंतीण असली की तिच्याकडून पैसे घेत नसे, आणि म्हाताऱ्यांची गाठोडी टपावर चढवल्याशिवाय गाडी सुरू करत नसे. त्याचं कौतुक करायला मंडळीतल्या कोणाला कधी वेळ झाला नाही. फुकट बसायला मात्र सगळ्यांना व्हायचा.

जानराव आसेगावचा. त्याच्या घरचे छप्पन साली बौद्ध झालेले. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. एकदा हेमलाची जीप आसेगावच्या फाट्यावर बंद पडली, जानरावाने ती चालू केली, आणि तिच्यातूनच तो मंगरूळपीरला आला तो कायमचा. हेमलाच्या दोन खोल्यांत दोघं राहू लागले. एक भाकरी थापायचा, दुसरा चूल फुंकायचा. भांडायचेही, मिठावरून, कंदिलाच्या काचेवरून, अगदी संसारातल्यासारखे. हेमलाला मुली सांगून आल्या, त्याने नाही म्हटलं. पुढे कोणी सांगून आलं नाही. सगळ्यांना सगळं कळत होतं. पण कळलेलं तोंडावर न आणणं यालाच आमच्यात सभ्यपणा म्हणतात, आणि त्या सभ्यपणावर दोघांची कितीतरी वर्षं सुखाने गेली.

मोठ्या दुष्काळानंतर आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. नगरकडचे, तरुण, केसांना तेल, बोलणं पुस्तकी. मंडळी झोपली आहे, तिला जागं करायचं आहे, असं ते पहिल्याच रविवारी म्हणाले. जागं करायला त्यांनी साक्षीची सभा सुरू केली. देवळात मेजाशी येऊन सगळे भाकर आणि द्राक्षारस घेतात ते प्रभुभोजन. त्याच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी जमायचं, एकेकाने उभं राहून आपलं पाप सांगायचं, ते सोडलं असं म्हणायचं, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मेजाशी यायचं.

आमच्या लोकांना हा खेळ फार आवडला. एरवी गावात करमणूक ती कोणती? माणिकराव हे आमचे मोठे पंच. ते उभे राहत, डोळ्यांना रुमाल लावत आणि बायकोवर हात उचलल्याचं सांगत. सोडलं म्हणत. टाळ्या पडत. पुढच्या प्रभुभोजनापर्यंत ती बिचारी पुन्हा हात गळ्यात बांधून फिरायची, आणि माणिकराव पुन्हा रुमाल काढायचे. एकाने दारू इतक्या वेळा सोडली की तेवढ्या वेळा पिणंही सोपं नाही. दुधात पाणी घालणारा दर वेळी पाणी सोडायचा. कोणी कोणाला विचारत नसे, बाबा रे, हे तर तू मागच्या वेळीच सोडलं होतंस ना?

हेमला मागे भिंतीला टेकून बसायचा आणि काही सांगायचा नाही. पाळकसाहेबांना ते खुपू लागलं. मन मोकळं करणाऱ्याला या घरात प्रेमच मिळेल, असं ते सगळ्यांसमोर त्याच्याकडे बघून म्हणाले. एकदा नाही, प्रत्येक सभेत.

त्या वर्षी जानरावच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातून त्याला घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते हेमलाला समजलं होतं, पण समजणं वेगळं आणि मानणं वेगळं. पुढच्या साक्षीच्या सभेत तो पहिल्यांदा उभा राहिला. टोपी हातात चुरगळत म्हणाला, "मले साक्ष देता येत नायी. जानराव लय बिमार हाये. तो माह्या घरचा माणूस हाये. तुमच्या घरी बायको असते, तसा माह्या घरी तो हाये. त्याच्यासाठी समद्यायनं प्रार्थना करा, येवढंच मांगतो."

माणिकरावांनी रुमाल खिशात ठेवला. त्यांच्या बायकोने मात्र तिथल्या तिथे डोळे मिटून हात जोडले. त्या सभेत जानरावासाठी झालेली प्रार्थना तेवढीच. पाळकसाहेबांनी अतिशय मऊ आवाजात विचारलं, "भाऊ, हे तू सोडलंस, असं आम्ही समजावं ना?"

हेमला म्हणाला, "नायी साहेब. तो बिमार हाये. त्याले आता कसं सोडू?"

म्हणजे बघा. खोटं बोलला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. सोडलं, एवढा एक शब्द टाकायचा आणि घरी जाऊन जानरावचे पाय चेपायचे, कोण बघायला येणार होतं? माणिकरावांचं सगळं ख्रिस्तीपण त्या एका शब्दावर उभं होतं. हेमलाला तेवढी अक्कल नव्हती, किंवा लाज जास्त होती.

मग पंचांची बैठक बसली. आमच्या घरच्यांनी रात्री जेवताना सांगितलं, फार जड मनाने बसले होते म्हणे सगळे. हेमलाचा राग कोणालाच नाही, राग आहे तो त्याच्या पापाचा. त्याला काढून टाकायचं नाही, कारण आपण प्रेम करणारे लोक आहोत. आणि कामरगावच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांना दर आठवड्याला जीपही लागते. म्हणून मधला मार्ग काढला. हेमलाने मेजाशी यावं, पण सगळ्यांच्या पेल्याला तोंड लावू नये. त्याला द्राक्षारस वेगळ्या कपातून द्यावा. तो पापातून बाहेर आला की पुन्हा पेला. मी विचारलं, जीपमध्ये त्याच्या मांडीला मांडी लावून बसताना पाळकसाहेबांना पाप चिकटत नाही का? घरच्यांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले.

त्या पेल्याचं सांगायला हवं. पितळेचा, दोन्ही हातांत धरावा एवढा मोठा. आमचे आजे-पणजे वेगवेगळ्या जातींतून आले. कोणी महारवाड्यातून, कोणी तांड्यावरून, एकदोन घरं गावातली. एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारे हे लोक त्या एका पेल्याला तोंड लावून पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले. शास्त्र वाचता येणारे त्यांत किती होते? त्यांचा नवा धर्म म्हणजे तो पेलाच होता. शहरातल्या मंडळ्यांत काचेच्या छोट्या प्याल्या आल्या, रोगराईचं कारण सांगून आम्हालाही देऊ केल्या. आमच्या म्हाताऱ्यांनी त्या घेतल्या नाहीत. ज्याच्यासाठी गाव सोडलं, वाडा सोडला, भाऊबंद सोडले, ते आम्ही काचेसाठी सोडायचं का, म्हणाले. आणि त्यांच्याच नातवांनी एका बैठकीत, चहा पिता पिता, वेगळा कप काढला.

रविवारी मेजावर पेल्याच्या शेजारी तो कप दिसला. पांढरा, चहाचा, बशीशिवाय. हेमला आपल्या पाळीने पुढे येऊन गुडघ्यावर बसला. पेला त्याच्या अलीकडच्या माणसापर्यंत आला, हेमलाला वगळून पलीकडे गेला, आणि पाळकसाहेबांनी त्याच्यापुढे कप धरला. चेहऱ्यावर इतकी माया, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

पहिल्या बाकावर चंपाबाई बसायची. महारवाड्यातून आलेल्या पिढीतली तीच एक उरली होती, कंबरेत वाकलेली. ती बाकाला धरून उभी राहिली. "हा कप मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "मोटारस्टँडच्या हाटेलात आमच्यासाठी भायेर खिळ्याले टांगून ठेवत. पेयाचा, आपणच धुयाचा, पुन्हा टांगाचा. तो येशूच्या मेजावर कोणं आणला?"

पाळकसाहेबांनी तिला प्रेमाने खाली बसायला सांगितलं. त्या गोष्टीचा आणि या गोष्टीचा संबंध नाही, तो अन्याय होता आणि ही शिस्त आहे, असं समजावलं. पुस्तकी माणूस, त्याला फरक फार चटकन दिसला. चंपाबाईला दिसला नाही. तिने त्या दिवशी पेल्याला तोंड लावलं नाही, आणि मीही नाही. बाकी सगळ्यांनी लावलं, आमच्या घरच्यांनीसुद्धा.

हेमलाने कपाकडे पाहिलं. रागावला नाही. जानरावाची पेजेची वेळ झाली, एवढंच पुटपुटला आणि उठून गेला. त्यानंतर तो देवळात आला नाही. पण दर आठवड्याला कामरगावला पाळकसाहेबांना पुढच्या सीटवर बसवून नेत राहिला. का नेतोस, म्हणून मी एकदा चिडून विचारलं. म्हणाला, "सवारी हाये ताई, उतरवू कशी?" मला त्याचा तेव्हा फार राग आला होता. अजूनही पुरता गेलेला नाही.

ज्वारी कापणीला आली तेव्हा जानराव गेला. आसेगावहून त्याची बहीण पंचफुला माणसं घेऊन आली. त्यांच्या पद्धतीने सगळं झालं, पांढरी वस्त्रं, वंदना. तिचा नवरा कुरकुरत होता, हा माणूस कोण लागतो म्हणून. पंचफुलाने त्याला एका नजरेत गप्प केलं आणि तिरडीच्या पुढच्या बाजूला हेमलाला उभं केलं. भावाला मरेपर्यंत कोणी सांभाळलं हे तिला ठाऊक होतं. आमच्या मंडळीतून मयताला चंपाबाई आली, मी गेले, माणिकरावांची बायको मागच्या गल्लीने येऊन उभी राहिली. प्रेम करणारे बाकीचे लोक दारं लावून बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी हेमलाकडे पिठलं-भाकरीचा डबा घेऊन गेले. चूल पेटलेली नव्हती. दुसरी खाट तशीच अंथरलेली होती आणि तो खाली जमिनीवर बसला होता. डबा उघडून त्याच्यापुढे ठेवते न ठेवते तोच दारात पाळकसाहेब आले, मागे माणिकराव. हातात बायबल. खाटेवर बसणार होते, मी त्यांना सतरंजी दाखवली.

पाळकसाहेबांनी दुःखाचे चार शब्द काढले. मग प्रार्थना केली, लांबलचक, पण तीत जानरावचं नाव काही आलं नाही. आमेन झाल्यावर त्यांनी हेमलाच्या खांद्यावर हात ठेवला. खरंच आनंद झाला होता त्यांना, तो लपत नव्हता. ते म्हणाले, "भाऊ, देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. तुझ्या वाटेतली धोंड त्याने स्वतःच्या हाताने काढली. पंचांचं एकमत आहे. येत्या रविवारी मेजाशी ये. तुला पेला मिळेल, सगळ्यांबरोबर."

माणिकरावांनी मान डोलावली. डोळे पुसायला रुमालही काढला.

हेमलाने त्या दुसऱ्या खाटेकडे पाहिलं. मग त्याने खांद्यावरचा हात उचलला, हळूच, गाडीतल्या सवारीची पिशवी उचलून तिची तिला द्यावी तसा, आणि पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवला.

"म्या त्याले सोडलं नायी, साहेब," तो म्हणाला. "तो मेला."