कंपाउंडात उतरणारं हेलिकॉप्टर

माझा दादा हेलिकॉप्टरनं घरी येणार होता.

अकोल्याहून परतवाड्याला. हसू नका.

दादा अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायचा. शनिवारी एसटीनं घरी यायचा, कंबर धरून, रस्त्याच्या नावानं बोटं मोडत. चहा पोटात गेला की सुरू! एकच वेड. कंपाउंड हेलिकॉप्टर.

हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आई अंगणात कुरड्या वाळत घालत होती.

"आपल्या कंपाउंडात उतरते?" तिनं गेटपासून पेरूच्या झाडापर्यंत नजर फिरवली. "मंग येच्या आंदी सांगजो बाप्पा. माह्या कुरड्या उडतीन."

मी पोट धरून हसले.

दादा हसला नाही. "आई, तुलेच समजलं. कंपाउंडात उतरावं, याच्यासाठीच तं हाय ते."

मग समजावत बसला. साध्या हेलिकॉप्टरचा वरचा पंखा उचलतोही आणि पुढेही नेतो, म्हणून एका वेगापुढे त्याचा दम संपतो. कंपाउंडमध्ये कामं वाटून दिलेली. उठायला-उतरायला वरचा पंखा. वेग आला की वजन बाजूचे पंख घेतात, आणि पुढे ढकलायला वेगळे प्रॉपेलर.

"उतराले हेलिकॉप्टर, जोरात पयाले विमान. एअरपोर्टची झंझटच नाही!"

इंग्रजांनी साठेक वर्षांपूर्वी असं एक मोठं, प्रवाशांसाठी, बनवलंही होतं म्हणे. मस्त उडलं. पण पात्यांच्या टोकांना जेट, आणि त्यांचा आवाज असा की शहरात कोण उतरू देणार? आवाज कमी करत आणला, तोवर गिऱ्हाईकं मागे सरली. तोडून भंगारात काढलं.

हे सांगताना दादाचा चेहरा उतरायचा. जसं काही घरातलंच कोणी गेलं.

आईला ते कधीच पटलं नाही. "आवाजाच्यानं काहून टाकून देल्लं? आवाज आला तं बरंच हाय. पोरगं येऊन राह्यलं, समजते. चहा ठेवता येते."

तेव्हापासून दादाचा फोन आला, "बसलो एसटीत," की आईचं ठरलेलं, "कंपाउंड खाली करू का?"

मध्ये त्यानं एक व्हिडिओ पाठवला. फ्रान्समध्ये परत नवीन उडवून राहिले. "आई, याचा आवाज कमी हाय म्हन्ते."

"मंग मले कसं समजन रे, तू आला म्हून?"

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी दादा वर्गात शिकवता शिकवता कोसळला. हार्ट अटॅक.

मला अकोल्याहून फोन आला. आईला सांगायची हिंमत घरात कोणाचीच झाली नाही.

दुपारी अॅम्ब्युलन्स आली. सायरन बंद. गेटमधून सरळ आत, पेरूच्या झाडापाशी थांबली. आई ओसरीत गहू निवडत होती. तिनं मान वर केली तेव्हा स्ट्रेचर खाली उतरत होतं.

ती फक्त एवढंच म्हणाली, "आवाज नाही केला रे राजा. मी चहा बी नाही ठेवला."

वर्ष झालं. कुरड्या आता गच्चीवर वाळतात. कंपाउंड ती रिकामंच ठेवते, सायकलसुद्धा लावू देत नाही.

आज सकाळी चिखलदऱ्याकडे कोणा मंत्र्याचं हेलिकॉप्टर गेलं. घरावरूनच. भांडी थरथरली.

आई उठली आणि गॅसकडे गेली.

मी दादाचा कप काढून दिला.

दादा, फार आठवण येते रे. श्रद्धांजली वगैरे नाही लिहिता येत मला.

ये. आवाज करत ये.