राव मामांचा चौकोन

विनुता माझी नात, लेकीची लेक. तंजावरात एका धर्मादाय ट्रस्टच्या कचेरीत कामाला. गरिबांच्या पोरांची हृदयाची ऑपरेशनं मद्रासच्या इस्पितळात फुकट करून द्यायची, हे त्या ट्रस्टचं काम. दोन हजार एक साली तिथले कागद बंद झाले आणि अर्ज कंप्यूटरवरून जाऊ लागले. तो अर्ज विनुतानं बांधला.

मला वाटलं, फार मोठी विद्या असेल. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा तिनं दाखवलं. पडद्याच्या डाव्या अंगाला सगळं सामान मांडलेलं. नावाची चौकट, तारखेची चौकट, होय-नाहीची चौकट. हवं ते माऊसनं धरायचं, ओढत आणायचं, जागेवर सोडायचं. केळीच्या पानावर मीठ कुठं, लोणचं कुठं, तेवढंच की. हे तर मीही करीन, म्हटलं.

‘‘आज्जी, वाढणं सोपं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आधी कुणाला वाढायचं, तेच अवघड.’’

ते दुसऱ्या पडद्यावर होतं. कचेरीतल्या प्रत्येकाच्या नावाचा एक चौकोन, आणि या चौकोनातून त्या चौकोनात बाण. एकानं ‘मंजूर’ दाबलं की अर्ज पुढच्याकडे जायचा. नाही दाबलं तर तिथंच बसून राहायचा.

पहिला चौकोन बाळकृष्णरावांचा. आमच्यातलेच, मराठी घरचे. विनुता त्यांना राव मामा म्हणे. तीस वर्षं त्यांनी तिथं अर्ज तपासले. विनुता नवी लागली तेव्हा फाईल कशी लावायची, डॉक्टरचं अक्षर कसं वाचायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. आता नावं-तारखा कंप्यूटर तपासत होता आणि रावांना काम उरलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं, त्यांचा चौकोन काढून टाक. तिनं काढला. दुपारी राव तिच्या टेबलापाशी आले, चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बाळे, आज माझ्याकडं काहीच कसं आलं नाही?’’

तिनं चौकोन परत ओढून जागेवर ठेवला. रिटायर व्हायला त्यांना पाच महिने होते. साहेबांना बोलली नाही. घरी येऊन मला सांगितलं आणि मी म्हटलं, बरं केलंस. हे माझं बोलणंही इथं लिहायला हवं.

आमच्या गल्लीत राजम फुलं विकायची. तिची लेक अंबा, सात वर्षांची, चार पायऱ्या चढली की ओठ निळे. पापनाशमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, उशीर करू नका. अर्ज विनुतानं स्वतः भरला, तातडीची खूण केली, आणि राजमला सांगितलं, अक्का, अर्ज गेला.

त्याच आठवड्यात राव न्हाणीत पडले. मांडीचं हाड मोडलं. विनुता मोसंबी घेऊन दोनदा त्यांना बघून आली. पायाची चौकशी केली, सुनेची गाऱ्हाणी ऐकली. चौकोनाची आठवण तिला झाली नाही, मलाही नाही. बाकी कुणाला तर तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

राजम विनुताला पाप्पा म्हणे, तमिळमध्ये बाळ. रोज सकाळी फुलं मोजून देताना विचारायची. विनुता सांगायची, मद्रासचे डॉक्टर आहेत, पंधरा-वीस दिवस लागतातच. खोटं नव्हती बोलत. तिला तसंच वाटत होतं.

बाविसाव्या दिवशी अंबा शाळेच्या पायरीवर दम खायला बसली, ती उठलीच नाही.

अंबाचे दिवस झाल्यावर विनुतानं तिचा अर्ज बंद करायला उघडला. अर्ज रावांच्या चौकोनात होता. त्याच्या मागं आणखी नऊ. तिनं चौकोन उचलून बाहेर टाकला आणि नऊच्या नऊ पुढं गेले.

रावांना काही सांगितलं नाही. पण राजमला सांगणारच, म्हणाली. मी नको म्हटलं. सांगून पोर येणार आहे का? ऐकेना, तेव्हा मीही सोबत गेले.

राजम दाराशी अबोली ओवत बसली होती. विनुतानं सगळं सांगितलं, राव मामांपासून मोसंब्यांपर्यंत. राजमचे हात काही थांबले नाहीत. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

‘‘तो चौकोन काढायला किती वेळ लागला?’’

विनुतानं माझ्याकडं पाहिलं.

‘‘आता काढलास ना, पाप्पा. किती वेळ लागला?’’

‘‘पापणी लवायला लागतो तितका, अक्का.’’

राजमनं मान हलवली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पुढचं फूल उचललं. आम्ही उन्हात उभ्याच. शेवटी मी विनुताचा हात धरला आणि निघाले.

राजम अजून गल्लीत येते. आमचं दार आलं की टोपली दुसऱ्या हातावर घेते आणि पुढं जाते. मी देवाला घालायला फुलं बाजारातून आणते. विनुता कामावर जाते. कचेरीत पाऊल टाकल्या टाकल्या आधी बघते, कुणाचा अर्ज कुणापाशी अडलाय, आणि त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन, तो मंजूर दाबेपर्यंत उभी राहते. लोक वैतागतात म्हणे.