पलीकडच्या काठावरचं रडणं
नव्या पुलावर डांबर टाकणं सुरू आहे, आणि तो वास आला की मला आमच्या गावचा, नदी ओलांडायचा डोंगा आठवतो, कारण त्याच्या बुडालाही असंच डांबर फासलेलं असायचं. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थंडीतल्या एका सकाळी सासूबाई, मी आणि गावातल्या चार-पाच जणी वांग्यांच्या टोपल्या घेऊन वैनगंगेपलीकडच्या बाजाराला निघालो होतो. धुक्यात नावाडीही नीट दिसेना. मधोमध डोंगा खडकावर आदळून उलटला. गटांगळ्या खात मी एका काठाला लागले. आपला की पलीकडचा, तेही कळेना. पाण्यावर वांगी तरंगत होती. तेवढ्यात समोरच्या काठावरून सासूबाईंचं हेल काढून रडणं ऐकू आलं. “सोन्यासारखी सून होती वं माय, कामाले कधी नाई म्हणली नाई.” मी चक्रावले. मला तर त्यांनी कधी धड हाकही मारली नव्हती. मग ही कोणाची सून बुडाली, म्हणून मीही रडू लागले. पुन्हा आवाज आला, “काल खारट वरणावरून उगाच बोलली वं मी तिले.” वरण मी केलं होतं. “आत्याबाई, मी इथी हाओ,” मी ओरडले. रडणं एकदम थांबलं. धुक्यातून उत्तर आलं, “मंग तिथी काऊन बसून राह्यली? टोपली कुठी हाय?” धुकं विरल्यावर नावाड्यासकट सगळे धड सापडले. त्या रडण्याचा विषय आम्ही दोघींनी कधीच काढला नाही. आजही वरण खारट झालं की त्या मला बोलतात, आणि त्या कोणत्या काठावरून बोलताहेत, ते मला अजून कळत नाही.