मामाजींच्या दुकानातलं युकुलेले

दुकानातली धूळ रोज सकाळी झटकता येते. किस्से झटकता येत नाहीत! आदिलाबादच्या बसस्टँडमागे आमचं वाद्यांचं छोटंसं दुकान आहे. सासरे, म्हणजे मामाजी, हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतात आणि गिऱ्हाईक मी बघते. ढोलक्या, टाळ विकले जातात, पण त्यांच्यापायी झालेली बोलणी इथंच राहतात. त्यात मी हट्टानं एक युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारीसारखं वाद्य, मागवलं. मग तर विचारूच नका!

•

पार्सल मामाजींनीच फोडलं. वाद्य उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, फसवलं तुले! दोन तारा कमी हायत!"

"मामाजी, याला चारच असतात."

पटेना. लावला हैदराबादच्या होलसेलवाल्याला फोन. "सेठ, दो तार कम भेजे तुम!"

"चाचा, उसको चारीच रहते."

मामाजींनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य! माल कमी देते तं देते, वरून मलेच शिकवून राह्यला!"

•

नावाचा तर रोजचाच तमाशा. एक तलाठीसाहेब आले. रिटायर झालेले, जुन्या सवयीनं प्रत्येक गोष्टीची चौकशी करणारे. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय?"

"युकुलेले."

"उकळलेले?"

पेटीच्या भात्यावर वाकलेले मामाजी मान वर न करता म्हणाले, "नाई साहेब. आमच्या इथं सगळं कोरडंच मिळते."

•

नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीला ताणत जातात, सूर टिकत नाही. मामाजींचा कान तिखट. त्यांना ते बेसूर वाद्य भिंतीवर नुसतं लटकलेलंही सहन होईना. रोज दुकान उघडलं की खुंट्या पिळायच्या आणि पुटपुटायचं, "काल लावलं, आज उतरलं!"

एकदा मात्र मऊ आवाजात म्हणाले, "नवी सून हाय ही. रुळाले वेळ लागनच." मग मला विचारलं, "तू किती दिवसांत रुळली व?"

म्हटलं, "मी अजून अधूनमधून उतरते, मामाजी."

त्या दिवशी चहा त्यांनी सांगितला!

•

मावला गावची एक ताई लेकीला घेऊन आली. लेकीला गिटार हवी होती, पण गिटार तिच्या मांडीवर मावेना. मी भिंतीवरचं युकुलेले वाजवून बघायला दिलं. पोरगी खूश! ताईच्या कपाळावर मात्र आठी.

"पोरगी वाढती हाय. पुढच्या वर्षी हे लहान पडन ना?"

"ताई, मोठी माणसंही हेच वाजवतात."

तिनं थोडा विचार केला. मग गिटारीकडे बघून अगदी मनापासून म्हणाली, "तं मंग ही गिटारच थोडी आतून मुडपून नाई का देता येत?"

•

आणि आमचे दत्तूभाऊ. तामसीकडचे, वांगी-टमाटर पिकवणारे, गावच्या भजनी मंडळाची पेटी वाजवणारे. दर वर्षी पेटी सुरात लावायला मामाजींकडेच यायचे. मागच्या वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला. अंगठा आणि एक बोट तेवढं राहिलं.

एका सकाळी ते पेटी चादरीत बांधून बसनं आले आणि ती मामाजींपुढे ठेवली.

"काका, ही ठेवून घ्या तुमच्यापाशी. घरात दिसली का घास उतरत नाई."

"डाव्या हातानं पाह्यलं काय वाजवून?"

"पाह्यलं ना. सवय उजव्याची. बोट एकीकडं, सूर दुसरीकडं. मंडळातले तोंडावर काई म्हनत नाईत, पण भजन लवकर आटपून राह्यले."

मामाजी उठले, भिंतीवरून युकुलेले काढलं आणि दत्तूभाऊंच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट उचलून खालच्या तारेवर टेकवलं. हे मामाजी कधी शिकले, मला आजही ठाऊक नाही!

"हे हाताले नवीनच हाय. जुनी सवय आडवी येनार नाई. डाव्यानं दाबाचं, उजव्या अंगठ्यानं वरून खाली फिरवाचं."

"आन् बाकीचे बोटं?"

"बाकीच्याचं इथं कामच नाई."

दत्तूभाऊंनी अंगठा फिरवला. चारही तारा एकदम बोलल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा. तामसीच्या दोन बसा निघून गेल्या. तिसऱ्या बसला ते युकुलेले छातीशी धरून निघाले, तेव्हा मामाजी मागून ओरडले, "अन् पेटी कोन नेईन?"

दत्तूभाऊ हसत परत आले, पेटीही घेऊन गेले.

दीड महिना काही खबर नव्हती. मग एक दिवस त्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मागे टाळ वाजत होते, माणसं हसत होती.

"काका, मंडळातले अजून दोघं हेच मागून राह्यले. मी म्हनलं, थांबा, पयले काकाले विचारतो. त्यायचे दाही बोटं शाबूत हायत. तरी जमन काय त्यायले?"