मिरचीची तीच ऑर्डर, परत परत

गेल्या सोमवारी जैनथला मामांच्या नर्सरीत बसले होते... मामा मिरची-टोमॅटोची रोपं विकतात, त्यांची वेबसाइट मी बनवलीय. सकाळी उघडली तर एकाच बाईच्या नावाने मिरचीच्या रोपांची तीच ऑर्डर चार वेळा.

असं आधीही झालं होतं. मामांनी रोपांचे तितके ट्रे बाजूला काढून ठेवले आणि न्यायला कुणी आलंच नाही. या वेळी ऑर्डरीतल्या नंबरवर फोन लावला, तर लागेना.

"सुभाषच करून राह्यला हे," मामा म्हणाले. सुभाषकाका म्हणजे पलीकडच्या नर्सरीचे मालक, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. आधीच्या त्या प्रकारापासून मामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं... आणि खरं सांगते, मलाही तोच संशय यायला लागला होता.

दुपारी एक बाई आली. तिने नाव सांगितलं... ऑर्डरीतलंच नाव.

"कोनी पाठवलं तुमाले?" मामांनी विचारलं.

"कोन पाठवन? बाजारहत्नूरहून आली मी. बटन दाबलं तं नुसतं गोल फिरून राह्यलं. मंग परत परत दाबलं. मले वाटलं दुकानच खोटं हाय, म्हनून पाह्याले आली."

म्हणजे तिलाही आमचाच संशय! फोनचं विचारलं, तर वावरात रेंजच नसते म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. बटण दाबलं की वेबसाइटकडे रिक्वेस्ट येते; ती घेऊन तिला रिस्पॉन्स, म्हणजे उत्तर, देतो तो कोडचा भाग म्हणजे कंट्रोलर. आमचा कंट्रोलर ऑर्डर लगेच नोंदवायचा, पण मग मामांना मेसेज पाठवायचा, तो गेल्याचं कळेपर्यंत थांबायचा, आणि मगच 'ऑर्डर मिळाली' हे पान दाखवायचा. मेसेज रखडला की बाई बिचारी गोल चक्राकडे बघत... पुन्हा बटण दाबलं की नवी रिक्वेस्ट, नवी ऑर्डर.

मी तिथेच ते बदललं. आता ऑर्डर नोंदली की आधी उत्तर, मेसेज मागाहून. तोच फॉर्म पुन्हा आला तर नवी ऑर्डर धरायची नाही.

बाई रोपं घेऊन गेली. मामा चप्पल घालून सुभाषकाकांकडे गेले. काय बोलले माहीत नाही, पण अंधार पडेपर्यंत परत आले नाहीत.

संशय तर आम्हा सगळ्यांनाच आला होता. विचारायला उठून आली ती एकटी... तिचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून इथे लिहिलं.